‘स्टार ट्रेक’मधील गणवेष व पदचिन्हे : एक चिन्हविचार

नाट्यकृतीच्या वा चित्रकृतीच्या समीक्षेत वेषभूषेचा विचार बहुधा अखेरीस, आणि तोही शोभेचे एक अंग म्हणून, केला जातो. वस्तुतः वेष हाही एक भाषाप्रकार आहे. प्योत्र बोगातिरेव्ह यांनी १९३७ साली मोराव्हियन स्लोव्हाकियातील लोकवेषावर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेषाचे उपयोगमूल्य आणि त्याचे चिन्हमूल्य यांतील भेद स्पष्ट केला. लोकवेष परंपरेने घडतो. उलट कल्पित भविष्यकाळातील गणवेष कोणीतरी हेतुपूर्वक रचलेला असतो. म्हणूनच कृतीचा उद्‌घोषित आशय आणि तिची चिन्हव्यवस्था यांत एकवाक्यता आहे की नाही, हे येथे अधिक काटेकोरपणे तपासता येते.

या दृष्टीने ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका विशेष उद्‌बोधक आहे. तिचे निर्माते जीन रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानाचे वैमानिक होते. तरीही त्यांनी कल्पिलेले अंतराळपथक युद्धापेक्षा संशोधनासाठी निघालेले असून, त्यात वंश, राष्ट्र व लिंग यांवरून माणसाची योग्यता ठरत नाही, अशी मालिकेची भूमिका आहे. ही समतेची भूमिका तिचा गणवेष कितपत पेलतो, हा येथील प्रश्न होय.

विल्यम वेअर थाइस यांनी रचलेल्या मूळ गणवेषात दोन स्वतंत्र अक्ष आढळतात. सदऱ्याचा रंग कार्यविभाग दाखवितो : संचालनासाठी सोनेरी, विज्ञान व वैद्यक यांसाठी निळा, यंत्रविभाग व सुरक्षा यांसाठी तांबडा. बाहीवरील फिती पद दाखवितात. कप्तानाला दोन अखंड व त्यांच्यामध्ये एक तुटक फीत, कमांडरला दोन अखंड, लेफ्टनंट कमांडरला एक अखंड व एक तुटक, लेफ्टनंटला एक अखंड. आणि एन्साइनला एकही नाही. या शेवटच्या पदाकडे भाषाभ्यासकाचे लक्ष विशेष वेधले जाते. चेकॉव्हची फीतविरहित बाही अर्थशून्य नाही. इतर बाह्यांवर फिती आहेत म्हणूनच तिला अर्थ आहे. पाणिनीय परंपरेतील लोपाची कल्पना किंवा आधुनिक भाषाविज्ञानातील शून्यप्रत्यय यांची येथे सहज आठवण व्हावी.

रंगाच्या बाबतीतही असाच एक उद्‌बोधक प्रकार घडला. पहिल्या दोन वर्षांत संचालन विभागाच्या सदऱ्यांचे मखमली कापड प्रत्यक्षात हिरवट होते. पडद्यावर ते सोनेरी दिसे. प्रेक्षकाच्या दृष्टीने या विभागाचा रंग सोनेरीच ठरला, कारण निळा व तांबडा यांहून त्याचे वेगळेपण तेवढे आवश्यक होते. उच्चारलेला ध्वनी आणि व्यवस्थेतील स्वनिम यांत जे अंतर असते, तेच येथे कापड आणि चिन्ह यांत दिसते.

१९८७ साली ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही उत्तरमालिका आली, तेव्हा दोन रंगांची अदलाबदल झाली. संचालनाकडे तांबडा आला. यंत्र व सुरक्षा विभागांकडे सोनेरी गेला. कर्कचा सोनेरी सदरा आणि पिकार्डचा तांबडा गणवेष यांचे विभागमूल्य एकच आहे. रंग व अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, या सोस्यूरप्रणीत सिद्धांताला याहून सुबोध उदाहरण क्वचितच मिळेल. तथापि वापराने चिन्हाला चिकटलेला अर्थ रचनाकाराच्या आज्ञेत राहत नाही. मूळ मालिकेत तांबड्या सदऱ्यातील दुय्यम पात्रे वारंवार मृत्युमुखी पडत. त्यावरून, कथेत केवळ मरण्यासाठी आणलेल्या पात्राला इंग्रजीत ‘रेडशर्ट’ हे सामान्यनाम मिळाले. तांबडा रंग कप्तानाकडे गेल्यावरही त्या शब्दाचा अर्थ पालटला नाही.

पदचिन्हांचे मात्र निराळे आहे. १९८७ साली बाहीवरील फिती जाऊन कॉलरवर लहान गोल टिकल्या आल्या : कप्तानाला चार, कमांडरला तीन, लेफ्टनंट कमांडरला दोन भरीव व एक पोकळ, लेफ्टनंटला दोन, कनिष्ठ लेफ्टनंटला एक भरीव व एक पोकळ, एन्साइनला एक. अमेरिकी नौदलाच्या बाहीवरील पट्ट्यांचा हिशेब हाच आहे. चिन्हाचा आकार लहान झाला, स्थान बदलले, एन्साइनचे शून्यही गेले. परंतु अधिक संख्या म्हणजे अधिक अधिकार, हे सूत्र कायम राहिले. रंग यादृच्छिक असल्याने तो बदलता आला. संख्येचा क्रम मात्र स्वतःच श्रेष्ठकनिष्ठभाव बोलून दाखवितो. निकोलस मायर दिग्दर्शित १९८२ च्या चित्रपटातील गडद तांबड्या, उघडउघड नौदली थाटाच्या डगल्यांनी जे ठळकपणे सांगितले, तेच पुढे टिकल्यांनी हळू आवाजात सांगितले.

यावर असा आक्षेप संभवतो की, प्रेक्षकाला कोण कोणाला आज्ञा देतो हे एका दृष्टिक्षेपात कळावे, एवढीच ही नाट्यसोय आहे. आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. परंतु या व्यवस्थेत कोणाला कोणते चिन्ह नाकारले गेले, याचा उलगडा केवळ सोयीने होत नाही.

१९६४ व १९६५ साली चित्रित झालेल्या दोन प्राथमिक भागांत स्त्रिया पुरुषांप्रमाणेच विजारीत आहेत. मालिका सुरू होताच त्यांना आखूड झगे मिळाले. रंग व पद या दोन अक्षांवर लिंग हा तिसरा अक्ष अशा रीतीने लादला गेला. १९८७ च्या आरंभीच्या काही भागांत पार्श्वभूमीवरील पुरुषही आखूड झग्यात दिसतात. हा भेद पुसण्याचाच तो एक अल्पजीवी प्रयत्न होता. तरीही डिॲना ट्रॉय ही लेफ्टनंट कमांडर पदाची अधिकारी पहिल्या भागानंतर अनेक वर्षे गणवेषाविना वावरते. १९९२ च्या ‘चेन ऑफ कमांड’ या भागात नवा कप्तान तिला कामावर गणवेष घालण्यास सांगतो. बोलण्यात ही शिस्तीची आज्ञा आहे. चिन्हव्यवस्थेत मात्र तिच्यामुळे या स्त्रीला तिचे पद प्रथमच वाचनीय रूपात परत मिळते.

१९९५ साली सुरू झालेल्या ‘व्हॉयेजर’ मालिकेतील उदाहरण अधिक बोलके आहे. बंडखोर गटातून आलेल्यांना तेथे हंगामी पदे मिळतात. त्यांच्या कॉलरवर टिकल्यांऐवजी एक लहान पट्टी असते. चाकोटे हा जहाजाचा दुसरा अधिकारी. तरीही २००१ मध्ये मालिका संपेपर्यंत त्याची पट्टी सुटत नाही. सगळे एकच कुटुंब झाल्याचे संवाद वारंवार सांगतात, आणि कॉलर मात्र प्रत्येक दृश्यात त्याचे मूळ सांगत राहते.

यावरून मालिकेची समतानिष्ठा खोटी ठरविणे अन्यायाचे होईल. तिने वंश व राष्ट्र यांची चिन्हे गणवेषात येऊ दिली नाहीत, ही तिची खरी मिळकत आहे. परंतु तिची समता म्हणजे श्रेणीच्या शिडीवर कोणालाही चढू देणारी समता होय; शिडीवाचूनच्या समाजाची कल्पना तिने केली नाही. संवाद लिहिणाऱ्यांपाशी आदर्शांची भाषा होती. वेष रचणाऱ्यांपाशी नौदलाचे व्याकरण होते, आणि त्या व्याकरणात वरिष्ठतेवाचून वाक्य पुरे होत नाही. भविष्यकथेचे मूल्यमापन करताना पात्रे काय म्हणतात याबरोबरच त्यांच्या बाह्या व कॉलरी काय म्हणतात, हेही समीक्षेने वाचले पाहिजे.