तक्त्यात नसलेली नळी

शाळांच्या भिंतीवर लटकणारा रक्ताभिसरणाचा तक्ता सर्वांच्या ओळखीचा आहे. लाल धमन्या, निळ्या शिरा, मधोमध हृदय. पण एखाद्या रुग्णाच्या हृदयाभोवतीच्या पिशवीतून, म्हणजे हृदयावरणातून, सुईने दुधासारखा पांढरा द्रव निघतो तेव्हा हा तक्ता निरुत्तर होतो. लाल-निळ्यात हे पांढरे आले कोठून?

या अतिशय दुर्मिळ विकाराला कायलोपेरिकार्डियम म्हणतात. हासेब्रूक यांनी १८८८ साली त्याची पहिली नोंद केली. कधी छातीच्या शस्त्रक्रियेनंतर, कधी गाठीमुळे तो होतो. कधी कारण सापडतच नाही. द्रव वाढला की हृदयावर दाब येतो.

‘पचलेले अन्न रक्तात शोषले जाते’ असे आपण शिकवतो. साखर आणि अमिनो आम्लांपुरते ते खरे आहे. तेला-तुपातील बहुतेक मेद मात्र आतड्यातून आधी लसीकावाहिन्यांत शिरतो, त्यानेच लसीका दुधाळ होते. ही लसीका छातीतील एका मोठ्या नळीतून कण्यालगत वर चढते आणि मानेच्या मुळाशी, डाव्या बाजूच्या शिरेत पडते. दिवसाला साधारण दीड ते अडीच लिटर! या वाटेत गळती वा अडथळा झाला, की द्रव भलतीकडे, क्वचित हृदयावरणात, साठतो.

नुकत्याच जेवलेल्या कुत्र्यात आसेल्ली यांनी या पांढऱ्या वाहिन्या १६२२ मध्ये पाहिल्या. त्या यकृताकडे जातात, असा त्यांचा समज होता. पेके यांनी १६५१ मध्ये खरा मार्ग दाखवला. रक्ताभिसरण सिद्ध करणाऱ्या हार्वे यांना मात्र हे पटले नाही. आपला तक्ता अजून हार्वेंच्याच बाजूचा दिसतो!

जास्त रेषांनी चित्र किचकट होईल, हा बचाव मला पटत नाही. लसीकेची व्याख्या पुस्तकात असते, पण ती सुटी. रक्ताशी तिचा सांधा मुलांना दिसत नाही. तो कळला तर उपचारही कळतो. मध्यम लांबीच्या साखळीची मेदाम्ले थेट यकृताच्या शिरेत शोषली जातात, म्हणून रुग्णाच्या आहारात नेहमीच्या तेला-तुपाऐवजी तशा मेदाची योजना करतात. एवढ्याने भागले नाही तर ती नळी बांधून टाकतात.

तोवर तक्त्यावर खडूने एक पांढरी रेघ ओढता येईल: आतड्यापासून मानेच्या डाव्या शिरेपर्यंत.