सेवेचा कर्ता कोण?

मराठी वाचकाला सेवेच्या हकिकतींचे मोठे वेड आहे. एखादा तरुण डॉक्टर शहरातला जम बसत आलेला दवाखाना सोडून रानावनात जातो, कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया करतो, त्याची पत्नी संसार पाठीशी बांधून त्याच्यामागून निघते, आणि पंचवीस वर्षांनी त्याच माळावर रुग्णालय, शाळा, वसतिगृह उभे राहते. ही कथा आपण पुनःपुन्हा वाचतो आणि दर वेळी आपले डोळे पाणावतात. अशा पुस्तकांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघतात. हा आमच्या वाङ्मयातला एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला आहे. पण कादंबरीला किंवा आत्मचरित्राला जी कसोटी आपण लावतो, ती या पुस्तकांना मात्र लावीत नाही. काम थोर, म्हणून पुस्तक थोर, असा आपला सरळ हिशेब. टीकाकाराने येथे तोंड उघडायचे म्हणजे देवळात चपला घालून शिरल्यासारखेच!

तरीही हे धाडस करायला हवे, असे मला वाटते. कारण काम जसे सांगितले जाते तसेच ते समजले जाते. आणि जसे समजले जाते तसेच त्याचे अनुकरण होते, तशाच त्याला देणग्या मिळतात, तशाच त्यावरून सरकारी योजना निघतात. सेवेची कथा चुकीची सांगितली गेली, तर नुकसान वाङ्मयाचे थोडे आणि गावाचे फार होते.

कसोटी कोणती लावावी? मी शाळेतल्या व्याकरणाकडे वळतो. ‘डॉक्टरांनी गावाला आरोग्य दिले’ हे वाक्य घ्या. कर्ता डॉक्टर, कर्म आरोग्य, आणि गाव? गाव चतुर्थी विभक्तीत, हात पुढे पसरून उभे. आमच्या बहुतेक सेवाकथांचे वाक्य हेच आहे. त्यात विशेषणे बदलतात, स्थळे बदलतात. विभक्ती बदलत नाही. तेव्हा या प्रकारातले पुस्तक हाती आले की मी एवढेच पाहतो: यातले गाव चतुर्थीतून बाहेर येऊन वाक्याचा कर्ता कधी होते? होते तरी का?

उदाहरण म्हणून डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ घेऊ. १९७३ साली भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची ही कहाणी. निवेदन साधे, आवाज खालच्या पट्टीतला, स्वतःचे ढोल वाजवण्याची हौस कोठेही नाही. अशा लाजऱ्या ‘मी’विषयी आदरच वाटतो. परंतु या वाङ्मयप्रकाराची ओढच अशी, की लेखक जितका मागे सरतो तितका वाचक त्याला पुढे आणतो. २०१४ साली या दांपत्यावर चित्रपट निघाला, त्याच्या नावातच ‘द रिअल हीरो’ असे शब्द आले. नायक एकदा ठरला की बाकीच्यांना सभोवती उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. हेमलकशाच्या आश्रमशाळेत शिकून पुढे डॉक्टर, वकील झालेली माडिया मुले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले हेमलकसा लिहिले, तर ते याच कामाविषयीचे असूनही वेगळ्या विभक्तीतले पुस्तक होईल. ते वाचण्याची मला फार उत्सुकता आहे.

आता जामखेडकडे वळू. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. दोघेही वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. त्याआधी याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काढली होती. तेथे त्यांना दिसले ते असे: हगवणीने सुकलेले मूल बरे करून घरी पाठवावे, आणि तेच गढूळ पाणी पिऊन त्याने पुन्हा खाटेवर यावे. रुग्णालय कितीही चांगले चालले तरी आजाराचा उगम रुग्णालयाच्या फाटकाबाहेर होता. पुढे १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९० साली पद्मभूषण. मेबलबाई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली वारले. त्यांनी मिळून लिहिलेला ‘जामखेड’ हा ग्रंथ १९९४ साली इंग्रजीत निघाला.

या ग्रंथाचा विशेष असा की त्यात एक फसलेली योजना न लपवता सांगितली आहे, आणि तीच कथेचा कणा ठरते. प्रारंभीचा बेत सर्वसामान्य होता: शिकलेल्या परिचारिका गावोगाव नेमायच्या. तो टिकला नाही. परक्या गावात एकट्या राहायला त्या नाखूश, आणि त्यांच्या सांगण्याने आपली वहिवाट बदलायला बायका नाखूश. मग विचार निघाला तो गावातल्याच एखाद्या बाईला शिकवण्याचा. गावांनी बायका निवडल्या. त्यांच्यात बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते, त्या आता बाळंतिणीच्या खोलीत शिरू लागल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचे, एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, शिकायचे, आणि शिकलेले गावात जाऊन सांगायचे. बाळाला पहिल्या दिवसापासून अंगावर पाजावे, हगवण लागली तर मीठ-साखरेचे पाणी द्यावे, गरोदर बाईला पोटभर जेवू द्यावे, एवढ्या साध्या गोष्टींतून काम उभे राहिले. प्रकल्पाने ठेवलेल्या नोंदींप्रमाणे १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. १९९३ साली ही संख्या १९ वर आली होती.

आकडे संस्थेचे स्वतःचे आहेत, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० साली आलेला एक तौलनिक अभ्यास सांगतो. जामखेड भागातल्या प्रकल्पाच्या आणि प्रकल्पाबाहेरच्या गावांची त्यात तुलना होती. जन्मानंतरचा पहिला महिना पार केलेल्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. भक्तांना हा आकडा लहान वाटेल. मला तो अधिक विश्वसनीय वाटतो, आणि पहिल्या महिन्याचा प्रश्न त्याने उघडा ठेवला, म्हणून अधिक मोलाचाही वाटतो.

पण औषधपाण्यापलीकडची एक गोष्ट या कामात घडली. १९७२-७३ च्या दुष्काळात प्रकल्पाने गावांना विंधणविहिरी घेऊन द्यायला मदत केली. विहीर कोठे खोदायची हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा. तसाच तो गावकीचाही. आरोळ्यांनी युक्तीने अशी व्यवस्था केली की जागा दलित वस्तीत निघाव्यात. घसा कोरडा पडल्यावर वरच्या आळीच्या घागरी निमूट खालच्या आळीला येऊ लागल्या. व्याख्यान नाही, मोर्चा नाही. हातपंपाच्या दांड्याने शिवाशिवीला धक्का दिला. आरोग्यसंस्था आपल्या परिसराला आधार देते म्हणजे काय करते, याचे उत्तर मला या हातपंपात जेवढे सापडते तेवढे रुग्णालयाच्या खाटांच्या संख्येत सापडत नाही. अर्थात, युक्ती डॉक्टरांची होती हे विसरता कामा नये. येथे गाव अजून चतुर्थीतच आहे.

ते चतुर्थीतून बाहेर आल्याचा क्षण १९८८ सालचा. वॉशिंग्टनला आरोग्यविषयक परिषदेत जामखेडच्या गाव-आरोग्य-कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ यांचे भाषण झाले. सभागृहात लखलखणारी झुंबरे होती. डॉक्टर हे या झुंबरांसारखे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता: देखणे खरे, पण महाग आणि दूरचे. मग त्यांनी दोन साध्या वातीचे दिवे काढले, एक पेटवला आणि त्याच्यावर दुसरा लावला. झुंबराला हे साधत नाही! दिवाळीत दिव्यावर दिवा लावणाऱ्या आपल्या घरांतल्या कोणाही बाईला हा दृष्टांत सुचला असता. पण तो भर सभेत मांडायला पायाखाली स्वतःच्या कामाची जमीन लागते. संबंध ‘जामखेड’ ग्रंथात मला हे सर्वांत वाङ्मयीन स्थळ वाटते, आणि ते लेखकांचे नाही, हेच लेखकांचे यश.

या ग्रंथावर माझा एक आक्षेप आहे. त्यातल्या बायकांच्या आयुष्यकथा आपल्याला इंग्रजीतून भेटतात. माणदेशी, वऱ्हाडी बोलींनी आमच्या कथेला नवे रक्त दिले. जामखेडच्या या बायकांची बोली मात्र भाषांतराच्या गाळणीतून गेली. आशय गाळून खाली आला, ठसका वर राहिला.

बोलीकडे कान देणे हे वैद्यकाचेही काम आहे, हे गडचिरोलीत दिसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८०च्या दशकात ‘सर्च’ ही संस्था उभारली. गोंड स्त्रीपुरुषांना त्यांनी विचारले, की तुम्ही दवाखान्यात येत का नाही? उत्तरे अनपेक्षित होती. तेथली पांढरीशुभ्र वस्त्रे पाहून प्रेताला गुंडाळलेले कापड आठवते. नातेवाइकांना रोग्याजवळ राहू देत नाहीत. इमारतीत जीव घाबरतो. मग शोधग्रामातला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा झाला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. येथे वास्तुकार कोण? वाक्याचा कर्ता हळूच बदलला आहे.

न्यूमोनियाचेही तसेच. आपल्या खेड्यांत मुलाला ‘डबा झाला’ म्हणतात. हा शब्द हसण्यावारी नेणाऱ्या डॉक्टरला आई काय सांगते ते कळायचेच नाही. गडचिरोलीच्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते, म्हणून मणी सरकवून तान्ह्याचे श्वास मोजण्याचे साधन तयार झाले. अडाणीपणा साधनात होता, बाईत नव्हता. पुढे जामखेडच्या अभ्यासाने उघडा ठेवलेला तो पहिला महिनाच येथे हाती घेतला गेला. ३९ गावांत शिकवलेल्या बायकांनी घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुदोष झाल्यास इंजेक्शनही दिले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि ‘लॅन्सेट’ने १९९९ साली हे संशोधन छापले. २००१ सालच्या बालमृत्यूंच्या अहवालाला ‘कोवळी पानगळ’ हे नाव मिळाले, तेव्हा सरकारी दप्तरात न मावणारी गोष्ट दोन शब्दांत मावली. राणी बंग यांचे ‘गोईण’ही याच वाटेवरचे. गोईण म्हणजे मैत्रीण. झाडांविषयी बोलता बोलता तिथल्या बायका स्वतःविषयी बोलतात आणि लिहिणारी डॉक्टरीण ऐकणारी होते. ‘जामखेड’च्या बायकांना जो ठसका मिळाला नाही, तो येथे बराचसा टिकला आहे.

एवढे सांगून झाल्यावर एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. या साऱ्या वाङ्मयात पैशाविषयी फार थोडे बोलले जाते. जामखेडच्या बायका संस्थेच्या पगारी नोकर नव्हत्या. त्यामागचा विचार असा, की पगार संस्थेने दिला तर बाई संस्थेला बांधील होईल, गावाला नाही. विचार कच्चा नाही. घरचे उत्पन्न वाढावे म्हणून त्यांना लहान धंद्यांसाठी हातभारही मिळाला. परंतु सद्भावनेच्या छायेत जे शोभते ते सरकारी फाइलीत शोभेलच असे नाही. २००५ साली देशभर ‘आशा’ योजना सुरू झाली. गावातलीच बाई, गावासाठी. कल्पना अशाच प्रयोगांच्या कुळातली. तिलाही नोकर न म्हणता स्वयंसेविका म्हटले गेले आणि कामागणिक मोबदला ठरला. कामे वाढत गेली. अखेर २०२३ आणि २०२४ साली महाराष्ट्रातल्या आशांना वाढीव मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. मुक्ताबाईंचा दृष्टांत सर्वांना पाठ झाला. दिव्याला तेल लागते, ते कोणी घालायचे, हे मात्र दृष्टांतात नव्हते.

हा दोष मुक्ताबाईंचा नाही आणि आरोळ्यांचाही नाही. तो आपल्या वाचण्याचा आहे. सेवाकथेतला त्याग आपण इतक्या कौतुकाने वाचतो, की त्याग हाच कामाचा पाया असल्याची आपली समजूत होते. डॉक्टराने चालता दवाखाना सोडणे ही त्याची निवड असते. ज्या बाईजवळ सोडायला काही नाही, तिच्याकडून त्याच त्यागाची अपेक्षा करणे, हा हिशेब वेगळा आहे. तिला आपण वाक्याचा कर्ता केले खरे. पण कर्त्याला मोलही द्यावे लागते.

म्हणून या दिवाळीत असे एखादे पुस्तक कोणाला भेट द्यायचे ठरवले, तर जरूर द्यावे. मुलांनी ही पुस्तके वाचावीत. मात्र वाचून झाल्यावर त्यांना दोन प्रश्न विचारावेत. या पुस्तकात गाव काय करते? आणि जी बाई ते करते, तिच्या घरी चूल कशावर पेटते? डॉक्टरांची नावे मुलांना पाठ होतीलच, ती व्हावीतही. मुक्ताबाई पोळ हे नावही त्याच दमात सांगता आले, तर पुस्तक नीट वाचले असे मी समजेन.