रोगाला पत्ता देणारी भाषा

नयन शहा यांचा 'कंटेजस डिव्हाइड्स' हा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. सॅन फ्रान्सिस्कोमधील चायनाटाउन ही चिनी स्थलांतरितांची वस्ती, तेथील साथी आणि वंशभेद हा त्याचा विषय. इतिहासाच्या ग्रंथात वाङ्मयाच्या टीकाकाराने का लक्ष घालावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, या ग्रंथात 'वर्णन' या गोष्टीची चौकशी झालेली आहे, आणि वर्णनाची जबाबदारी हा आपल्याच घरचा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरोग्याधिकारी आणि पत्रकार या वस्तीत फेरी मारीत व परतल्यावर लिहीत. अंधारी तळघरे, चक्रव्यूहासारखे बोळ, दाटीवाटीने निजलेली माणसे. तेच तपशील पुन्हा पुन्हा येत. शहा हे अहवाल एखाद्या संहितेप्रमाणे वाचतात. खोल्या कोंदट असतीलही. परंतु घरमालक कोण, भाडे किती, वस्तीबाहेर या लोकांना जागा कोण देणार, हे प्रश्न त्या गद्याला फारसे पडत नाहीत. दारिद्र्य ही परिस्थिती न राहता जातीचा स्वभाव ठरते, आणि रोगाला एक कायमचा पत्ता मिळतो.

पुढचे सारे या वर्णनातून निघते. मार्च १९०० मध्ये प्लेगचा एक संशयित मृत्यू आढळताच वस्तीभोवती दोर बांधले गेले. गोऱ्यांना मात्र बाहेर पडू दिले. मेअखेरीस पुन्हा नाकेबंदी झाली, तेव्हा तिची रेषा गोऱ्यांच्या इमारती वगळून आखलेली होती. त्याच महिन्यात, हाफकिनची लस टोचून घेतल्यावाचून चिनी माणसाने शहर सोडू नये, असाही हुकूम निघाला होता. न्यायमूर्ती मॉरो यांनी दोन्ही गोष्टी अवैध ठरविल्या. ही लस मुंबईच्या प्लेगात, १८९७ च्या सुमारास सिद्ध झालेली. त्याच वर्षीच्या पुण्यातील घरझडत्या ज्याला ठाऊक आहेत, त्या मराठी वाचकाला ही हकिगत परकी वाटू नये.

परंतु मला ग्रंथाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. विसाव्या शतकात हीच वस्ती स्वच्छ घर, नेटका संसार आणि निरोगी मुले यांचा दाखला देत हळूहळू 'लायक' ठरत गेली. शहा हा विजय म्हणून साजरा करीत नाहीत. निर्मळपणा सिद्ध करून मिळविलेले नागरिकत्व उसने असते, ही जाणीव त्यांच्या विवेचनातून होते. २०२० साली याचा प्रत्यय आला. शहरात साथ पसरण्यापूर्वीच चायनाटाउनातील खाणावळी ओस पडल्या. राष्ट्राध्यक्षांनी विषाणूला 'चिनी' म्हटले. वृद्ध माणसांना भर रस्त्यात मार खावा लागला. पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त त्यांच्या उपयोगी पडली नाही.

ग्रंथात एक उणीव मला जाणवते. वस्तीतील माणसे येथे बहुधा दाद मागताना, उत्तर देताना, स्वतःला सिद्ध करताना भेटतात. नुसती जगताना क्वचितच. हा साधनांचा दोष खरा, पण वाचकाची तहान त्याने भागत नाही. ती काही अंशी चार्ल्स यू यांच्या 'इंटीरियर चायनाटाउन' या कादंबरीने भागते. साथ अमेरिकेत फैलावण्याच्या तोंडावर, जानेवारी २०२० मध्ये, ती निघाली. पटकथेच्या रूपात लिहिलेल्या या कादंबरीत विलिस वू हा नट दुसऱ्यांनी ठरविलेल्या भूमिकांतून बाहेर पडू पाहतो. उपरोधाचा सोस तिला अधूनमधून बाधतो. मात्र आईबापांची कहाणी सांगताना तो गळून पडतो, आणि तेथे माणूस दिसतो.

हे दूर देशीचे प्रकरण म्हणून बाजूला ठेवण्याची सोय आपल्याला नाही. २०२० च्याच वसंतात ईशान्य भारतातून मुंबईत, दिल्लीत राहावयास आलेल्या मुलामुलींना नुसत्या चेहऱ्यावरून 'कोरोना' म्हणून हिणविण्यात आले. त्या एका शब्दात शेजाऱ्याचे वर्णन आटोपले होते. जे वाङ्मय शेजाऱ्याला याहून अधिक शब्द देऊ शकत नाही, त्याने माणुसकीच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगाव्यात?