फुटक्या पिस्टनांचं फळकूट

'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' (२००५) या नावावरून आपला माणूस शोधायला जाऊ नका. 'इंडियन' ही अमेरिकन मोटारसायकल. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोनं १९२० सालची ती ६०० सीसीची गाडी शेडमध्ये दशकानुदशकं बदलली. साइड-व्हॉल्व्ह इंजिन ओव्हरहेड-व्हॉल्व्ह केलं, पिस्टन घरीच ओतले, फुटले की पुन्हा ओतले. १९६७ साली, अडुसष्टाव्या वर्षी, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १८३ मैलांचा विक्रम! अँथनी हॉपकिन्स लोभस आहे, प्रश्नच नाही. पण दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन अमेरिकेतल्या प्रवासातच रमतो, आणि हा जिद्दी कारागीर नुसता गमत्या आजोबा होऊन बसतो. 'वेगदेवतेला अर्पण' लिहिलेलं फुटक्या पिस्टनांचं फळकूट दिसलं, की तेवढं चित्र थांबवून पाहा.