बांध : ग्रामीण वाङ्मयविचारातील एक दुर्लक्षित अर्थ

नांदेड-लातूरकडील ग्रामीण कथेत बांध येतो तो बहुधा दोन शेतांमधील सीमा म्हणून. भाऊबंदकीचे मूळ तेथेच असते. कोरडवाहू जीवनाशी हे सुसंगतच आहे. परंतु एवढ्यावरून ‘ग्रामीण’ या संज्ञेचा आशय ठरविला, तर समीक्षा एकांगी होते.

रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेणकडच्या खारेपाटात समुद्राकाठचा बांध शेते तोडीत नाही, जोडतो. भरतीचे पाणी अडवावयाचे आणि पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून बाहेर सोडावयाचे, अशी तेथील भातशेतीची रीत आहे. एके ठिकाणच्या हयगयीने खांड पडली, की खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरते.

याच स्वरूपाची शेती उत्तर समुद्राकाठचा फ्रिजियन शेतकरी शतकानुशतके करीत आला आहे. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपत नसे, तो त्यात फावडे रोवून जमिनीवरील हक्क सोडी. ते उपसणाऱ्याकडे जमीन आणि जबाबदारी दोन्ही जात, अशी तेथील जुनी प्रथा होती. थिओडोर स्टॉर्म या जर्मन लेखकाची ‘डेर शिमेलरायटर’ (१८८८) ही दीर्घकथा याच जीवनावर उभी आहे. मानव आणि समुद्र यांचा झगडा म्हणून तिच्याकडे पाहणे अपुरे होय. हाउके हायेन हा नायक बुद्धिमान आहे; पण बांधाचा अधिकारी होण्यास बुद्धी पुरत नाही, जमीन लागते. ती त्याला एल्केशी विवाह ठरल्यामुळे लाभते. पुढे आजारातून उठल्यावर, मन खचलेले असताना, तो जुन्या बांधाची वरवरची दुरुस्ती मान्य करतो; विनाश तेथूनच येतो.

तात्पर्य, बांध सर्वांना एकत्र बांधतो, समान मात्र करीत नाही. खारेपाटाचा इतिहास याला साक्ष आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी परिसरातील कुळांनी १९३३ ते १९३९ या काळात शेते न कसता खोतांविरुद्ध संप चालविला. समुद्र अडविणाऱ्या हातांचा पिकावर हक्क किती, हाच त्यामागील प्रश्न होता.

म्हणून अशा साहित्याचे मूल्यमापन करताना समीक्षकाने लाटांच्या वर्णनाशी थांबू नये. बांधावर माती कोण टाकतो आणि धान्य कोणाच्या घरी जाते, हे विचारावे. हा निकष मग आपल्याकडील कथेलाही लावता येईल. बांधावरून भांडणारे दोघे जमीनधारक तिच्यात ठळक दिसतात. तो बांध घालणारा भूमिहीन मजूर कोठे आहे?