शैली आणि साक्ष : अनुबोधपटाच्या अध्यापनासंबंधी एक विचार

१

चित्रपटविद्येच्या अभ्यासक्रमात अनुबोधपटाच्या शैलींचा विचार बहुधा एका वर्गीकरणापासून सुरू होतो. अमेरिकन अभ्यासक बिल निकल्स यांनी १९९१ मध्ये चार आणि पुढे २००१ मध्ये सहा प्रकार मांडले : काव्यात्म, निवेदनप्रधान, निरीक्षणप्रधान, सहभागप्रधान, स्वचिंतनात्मक आणि आत्मनिष्ठ. हे वर्गीकरण उपयुक्त आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु वर्गात शिरताच त्याला दोन विकृती जडतात. पहिली अशी, की हे प्रकार विद्यार्थ्यास दुकानात मांडलेल्या वस्त्रांप्रमाणे दिसू लागतात. विषय आधी ठरावा आणि मग त्यास शोभेल ती शैली निवडावी, अशी त्याची समजूत होते. दुसरी अशी, की हे प्रकार प्रगतीच्या पायऱ्या म्हणून वाचले जातात. निवेदनप्रधान शैली अप्रगत व शासनाची, निरीक्षणप्रधान शैली प्रामाणिक, आणि स्वचिंतनात्मक शैली सर्वांत प्रौढ, अशी एक उतरंड नकळत मनात तयार होते.

या दोन्ही समजुती तपासून पाहणे अवश्य आहे. अनुबोधपटाची शैली म्हणजे मूलतः साक्षीची व्यवस्था होय. पडद्यावर जे दिसते व ऐकू येते त्याची जबाबदारी कोणावर आहे, हे प्रत्येक शैली आपापल्या परीने ठरविते. शैलींचे गुणदोष या कसोटीवर पाहिले, तर वरील उतरंड टिकत नाही.

२

प्रथम निवेदनप्रधान शैलीचा विचार करू जाता तिच्या कारणांकडे वळावे लागते. १९४८ साली मुंबई येथे फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि चित्रपटगृहांच्या परवान्यातील अटींमुळे तिचे पट देशभर सक्तीने दाखविले जाऊ लागले. एकाच पटाच्या अनेक भाषांतील प्रती काढाव्या लागत. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. अशा प्रेक्षकवर्गाला पडद्याच्या तळाशी छापलेली भाषांतरे वाचता येणे शक्य नव्हते. चित्रातील माणसे स्वतःच्या तोंडाने बोलली असती, तर तो पट इतर प्रांतांत मुका ठरला असता. उलट, मुक्या चित्रांवर निवेदकाचा स्वतंत्र आवाज चढविला, की तेच चित्र मराठीत, तमिळमध्ये वा बंगालीत सहज फिरू शके. तेव्हा या शैलीला केवळ अधिकाराची हौस कारणीभूत झाली, असे म्हणणे अपुरे होय. वितरणाची गरज, निरक्षरता आणि समकालिक ध्वनिमुद्रणाच्या साधनांची दुर्मिळता यांचाही तिच्या घडणीत वाटा होता.

या व्यवस्थेची किंमत मात्र मोठी होती. शेतकरी, विणकर, धरणावरील मजूर हे सारे पडद्यावर दिसले, पण ऐकू आले नाहीत. त्यांच्या वतीने बोलणारा आवाज अनामिक व अदृश्य राहिला. साक्ष त्यांची होती आणि जबानी दुसऱ्याची. असे असूनही या शैलीचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. ती आपले म्हणणे उघड सांगते. निवेदनातील विधान चूक असेल, तर ते चूक आहे असे प्रेक्षकाला बोट ठेवून दाखविता येते.

शासकीय विभाग म्हणजे एकच शैली, हेही खरे नाही. एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय अॅम ट्वेंटी' हा पट १९६७ साली याच विभागाने काढला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जन्मलेल्या तरुणतरुणींना त्यात प्रश्न विचारले आहेत, आणि काहींची उत्तरे अपेक्षित अभिमानाच्या चौकटीत बसत नाहीत. ती उत्तरे संकलनात कापली गेली नाहीत, यातच त्या पटाचे महत्त्व आहे. अनुबोधपटांच्या निर्मितीचे काम २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले. पण विभागाचा हा वारसा एकरंगी समजून बाजूस सारणे अभ्यासाच्या दृष्टीने घातक ठरेल.

३

निरीक्षणप्रधान शैलीविषयी विद्यार्थ्यांना विशेष आकर्षण असते. हलके कॅमेरे व समकालिक ध्वनिमुद्रण १९६० च्या सुमारास उपलब्ध झाले आणि निवेदकावाचून, प्रश्नावाचून जीवन जसेच्या तसे टिपता येईल, असा विश्वास निर्माण झाला. हा विश्वास कितपत खरा आहे? दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, तेव्हा ठरावीक अंतराने एकेक चौकट घेऊन त्यांनी काही दिवसांचा काळ काही क्षणांत आणला. त्या चित्रात रोपाविषयी एकही खोटी गोष्ट नाही. तरीही कोणत्याही डोळ्याला ते रोप तसे वाढताना कधी दिसले नसते. दर्शनाला पद्धती लागते आणि पद्धती ही निवड असते, हा धडा महाराष्ट्रात चित्रपटाच्या आरंभीच घालून दिला गेला आहे.

फ्रेडरिक वाइझमन यांच्या 'टिटिकट फॉलीज' (१९६७) या पटाचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. मॅसॅच्युसेट्समधील गुन्हेगार मनोरुग्णांच्या एका संस्थेत चित्रित झालेल्या या पटात निवेदन नाही आणि मुलाखत नाही. रुग्णांच्या खाजगी जीवनावर आक्रमण होते या कारणास्तव तेथील न्यायालयाने १९६८ मध्ये त्याच्या प्रदर्शनास बंदी केली आणि सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी तो १९९१ मध्येच खुला झाला. संस्थेचा कारभार उघडा पडू नये, हा त्या बंदीमागील हेतू होता, असे वाइझमन यांच्या बाजूने मानले गेले. तथापि न्यायालयाने उपस्थित केलेला प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. ज्याला नकार देण्याइतकेही भान नाही, अशा माणसाकडे निःशब्दपणे पाहण्याचा अधिकार कोणी दिला? निवेदनप्रधान पटात जबाबदार व्यक्ती अदृश्य असते, पण आवाज तरी ऐकू येतो. निरीक्षणप्रधान पटात आवाजही नाहीसा होतो आणि निवड करणारा जणू कोणीच नाही, असा भास उरतो. प्रामाणिकपणाचा भास हा प्रामाणिकपणाहून वेगळा असतो, हे विद्यार्थ्याने प्रथम शिकावयास हवे.

४

या विवेचनाची कसोटी एखाद्या प्रत्यक्ष स्थळावर लावून पाहणे योग्य ठरेल. नागपूरच्या उत्तर भागातील जरीपटका ही वस्ती त्यासाठी विचारात घेता येते. मराठ्यांच्या सोनेरी निशाणाचे नाव धारण करणारी ही वस्ती आज ओळखली जाते ती फाळणीनंतर सिंधमधून विस्थापित झालेल्या कुटुंबांची वसाहत म्हणून. घरात सिंधी, बाजारात हिंदी आणि सरकारी कागदावर मराठी, असा तेथील भाषाव्यवहार आहे. शेजारीच इंदोऱ्याची आंबेडकरी वस्ती व बुद्धविहार आहे.

एखादा विद्यार्थी येथे कॅमेरा घेऊन गेला, तर प्रत्येक शैली त्याच्यापुढे निराळी अडचण उभी करील. निवेदनप्रधान शैलीत विस्थापन, पुनर्वसन व व्यापारातील उद्यम यांची हकीकत चार वाक्यांत सांगून होईल. ती चारही वाक्ये खरी असतील आणि तरीही कोणत्याच एका घराची हकीकत त्यांत असणार नाही. निरीक्षणप्रधान शैलीत बाजारातील गर्दी, दुकानांच्या पाट्या, चेटीचंडाची मिरवणूक हे सारे दिसेल. परंतु १९४७ हे साल रस्त्यावर दिसत नाही. ते स्मृतीत आहे. जी मुले त्या वेळी दहा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना विचारल्यावाचून ते साल पडद्यावर येणार नाही. म्हणजे या विषयात न विचारणे हा तटस्थपणा ठरत नाही. त्याचा परिणाम विस्मृतीत होतो.

मग सहभागप्रधान शैलीकडे वळावे, तर तेथेही मार्ग निर्वेध नाही. वारंवार सांगितलेल्या आठवणीला कालांतराने ठराविक घाट येतो. गमावलेले घर, आगगाडी, छावणी, मग कष्ट आणि भरभराट, या क्रमाने ती सांगितली जाते. यात जे सांगितले जात नाही, उदाहरणार्थ स्त्रियांचे अनुभव वा ज्यांची भरभराट झालीच नाही त्यांचे आयुष्य, ते चांगल्या प्रश्नावाचून बाहेर येत नाही. भाषेचा प्रश्नही येथेच उद्भवतो. विद्यार्थ्याने हिंदीत विचारले, तर उत्तर बाजाराच्या भाषेत मिळेल. घरच्या भाषेतले उत्तर मिळविण्यास सिंधी जाणणारा सहकारी हवा. सिंधी भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले ते १९६७ साली. जुन्या पिढीची लिपी अरबी-फारसी वळणाची, तर नव्या पिढीची बहुधा देवनागरी वा रोमन. तेव्हा घरातले एखादे जुने पत्र नातवालाही वाचता येत नसेल, ही शक्यता गृहीत धरूनच चित्रणाची आखणी केली पाहिजे.

शेवटी चौकटीच्या कडेचा प्रश्न उरतो. कॅमेरा जरीपटक्याच्या सीमेवर थांबला, तर तो एका समाजाचा पट होईल. तो इंदोऱ्याकडे वळला, तर फाळणीने विस्थापित झालेला समाज आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरातील धम्मदीक्षेशी नाते सांगणारा समाज यांचे शेजारपण हा पटाचा विषय होईल. हा निर्णय कोणतेही वर्गीकरण घेऊन देत नाही. स्वतः जरीपटक्यात वाढलेली सिंधी विद्यार्थिनी आणि बाहेरून आलेला मराठी विद्यार्थी यांची तेथील उपस्थितीही सारखी नसते. आत्मनिष्ठ शैली या भेदाचा उघड उच्चार करू देते, म्हणून ती मोलाची. पण उच्चार केला की जबाबदारी संपली, असे मानणे ही तिच्यातली पळवाट होय.

५

शैलींच्या मिश्रणातून जबाबदारीचा प्रश्न कसा हाताळला जातो, हे दोन पटांच्या तुलनेने स्पष्ट होईल.

आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा पट घडण्यास चौदा वर्षे लागली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. याच घोगऱ्यांचे गाणे पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) या पटात होते. 'जय भीम कॉम्रेड'चे वैशिष्ट्य असे, की निवेदकाने करावयाचे स्पष्टीकरणाचे कार्य येथे फार मोठ्या प्रमाणावर गाणी करतात. आंबेडकरी जलशाची परंपरा मुळातच विवरणाची व प्रबोधनाची आहे. परंतु शाहीर अनामिक नसतो. तो समोर उभा असतो, त्याला नाव असते, वस्ती असते आणि गाण्याबद्दल किंमत मोजण्याची तयारीही असते. निवेदनप्रधान शैलीची सर्वांत मोठी उणीव, म्हणजे बेवारस आवाज, येथे शैली न टाकताच भरून निघाली आहे. नव्या पद्धतीचा शोध न घेता जुन्या पद्धतीला जबाबदार धनी मिळवून देणे, हेही शैलीचे कार्य होय.

दुसरा पट पायल कपाडिया यांचा 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' (२०२१). कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अनुबोधपटाचा 'सुवर्णनेत्र' पुरस्कार मिळविणारा हा पट पुण्याच्या चित्रपट संस्थेतील एका विद्यार्थिनीच्या पत्रांवर उभा आहे. कपाडिया स्वतः त्याच संस्थेच्या विद्यार्थिनी. २०१५ साली संस्थेच्या अध्यक्षपदावरील नियुक्तीविरुद्ध तेथील विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. त्या संपाची व इतर विद्यापीठांतील आंदोलनांची खरी चित्रे पटात आहेत. पत्रे मात्र कल्पित आहेत. 'एल' या आद्याक्षराने ओळखली जाणारी ही मुलगी जातिभेदामुळे तुटलेल्या प्रेमाविषयी लिहिते, भीतीविषयी लिहिते, आणि चित्रपट शिकणे म्हणजे काय याविषयीही लिहिते.

या योजनेचे समर्थन करता येते. लाठीमार चित्रित होऊ शकतो, परंतु घरी परत बोलावून घेतलेल्या मुलीची कोंडी चित्रित होऊ शकत नाही. जे सिद्ध करता येते ते चित्रांकडे आणि जे सिद्ध करता येत नाही ते पत्राकडे, अशी कामाची वाटणी येथे आहे. मात्र एक आक्षेप नोंदविलाच पाहिजे. बहुतांशी कृष्णधवल आणि जाणीवपूर्वक जीर्ण केलेल्या पोतामुळे विविध ठिकाणची, विविध काळांची चित्रे एकाच स्वप्नाचे भाग वाटू लागतात. या एकरूपतेतून पटाचे सौंदर्य निर्माण होते, आणि त्याच्या साक्षीला दुबळेपणाही तिच्यामुळेच येतो. पुण्यातील रात्र कोणती आणि दुसऱ्या एखाद्या विद्यापीठातील रात्र कोणती, हे जाणणाऱ्यालाच कळते. पन्नास वर्षांनी हा पट पाहणाऱ्याला विशिष्ट दिवसाचा पुरावा न मिळता केवळ एका काळाची मनःस्थिती मिळेल, ही भीती अनाठायी नाही. 'जय भीम कॉम्रेड' तारखा व नावे यांना घट्ट धरून राहतो. त्यामुळे तो काही ठिकाणी रूक्ष व पसरट झाला असला, तरी पुरावा म्हणून तो अधिक टिकाऊ आहे.

या तुलनेत एक पट श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ, असा निर्णय अभिप्रेत नाही. प्रत्येकाने काय मिळविले आणि त्यासाठी काय गमावले, याचा हिशेब मांडता येणे हे समीक्षेचे काम आहे आणि शिक्षणाचेही.

६

यावरून अध्यापनासंबंधी एक सूचना निष्पन्न होते. १९६० साली पॅरिसमध्ये चित्रित झालेल्या 'क्रॉनिकल ऑफ अ समर' (१९६१) या पटात झाँ रूश व एदगार मोराँ यांनी चित्रित झालेल्या माणसांनाच तो पट दाखविला आणि त्यांची मते, त्यांतील नाराजीसह, पटातच समाविष्ट केली. हा प्रयोग आज एका शैलीचे उदाहरण म्हणून शिकविला जातो. वस्तुतः तो सर्व शैलींना लागू होणारा परीक्षेचा नमुना आहे. विद्यार्थ्याने एकाच स्थळाचे तीन शैलींत तीन लघुपट करावेत, आणि त्यांचे पहिले प्रदर्शन विभागाच्या सभागृहात न होता त्या वस्तीत व्हावे. जरीपटक्यातील वृद्ध स्त्रीने आपलेच बोलणे पडद्यावर ऐकून ते आपले नव्हे असे म्हटले, तर कोणत्या शैलीत ते तसे झाले व का झाले, याचे उत्तर विद्यार्थ्याने लिहून द्यावे. गुण त्या उत्तराला असावेत.

चित्रफितीच्या टंचाईच्या काळात प्रत्येक मिनिटाचा खर्च विद्यार्थ्याला विचार करण्यास भाग पाडीत असे. अंकीय साधनांनी ते बंधन काढून टाकले आणि चित्रण जवळजवळ फुकट झाले. जे बंधन साधनांनी घातले होते ते आता शिक्षणाने घालावयाचे आहे. कोणती शैली निवडली, हा प्रश्न विद्यार्थ्यास पुढेही विचारला जाईल. त्यासोबत ही साक्ष कोणाची आणि तिला जबाबदार कोण, हे प्रश्नही विचारले गेले, तरच शैलींच्या अभ्यासाला अर्थ राहील.