ओनोमिचीची खिडकी

'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. त्यातली २०१२ ची यादी मी वहीत उतरवली होती आणि वरून खाली एकेक चित्रपट बघत, नावापुढे खूण करत चाललो होतो. पहिला हिचकॉकचा 'व्हर्टिगो', दुसरा 'सिटिझन केन'. तिसरा यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी', १९५३ चा. दिग्दर्शकांच्या वेगळ्या कौलात तर तो पहिलाच होता. त्याच्यापुढे खूण केली खरी, पण दुसऱ्या रात्री चौथ्याकडे न वळता मी तोच पुन्हा लावला. शेवटच्या प्रसंगातली खिडकी आधी कुठेतरी बघितली होती, एवढंच डोक्यात राहिलं होतं.

ती सुरुवातीलाच आहे. समुद्रकाठच्या ओनोमिची गावात शुकिची आणि टोमी हे म्हातारं जोडपं टोकियोला मुलांकडे जायची बांधाबांध करतंय. फुगवायची उशी सापडत नाही. तुझ्याकडेच दिली होती, असं तो म्हणतो. माझ्याकडे नाही, असं ती म्हणते. मग उशी त्याच्याच सामानात निघते. खिडकीबाहेरून जाणारी शेजारीण क्षणभर थांबते, तुमची मुलं मार्गी लागली हो, असं कौतुकानं बोलते. पहिल्या वेळी मी हा सगळा प्रसंग कथा सुरू व्हायची वाट बघत घालवला होता.

कथा म्हणावी तर चार ओळींची. मुलगा डॉक्टर, मुलगी शिगे केशभूषेचं दुकान चालवते. दोघांनाही सवड नाही. आईवडिलांना ते अतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवून देतात. तिथे रात्रभर शेजारच्या खोल्यांतून पत्त्यांसारखा चालणारा माजाँगचा डाव आणि गाणीबजावणी. सकाळी दोघं समुद्राच्या बांधावर बसतात, परत जाऊ या म्हणतात. उठताना टोमीला भोवळ येते. झोप नीट झाली नसेल, एवढंच बोलणं होतं. संगीताचा इशारा नाही, चेहऱ्याचा जवळून घेतलेला शॉट नाही. म्हातारपणी माणसं दुखणं जसं सांगतात, तसंच ओझू ते दाखवतो.

त्याचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही थोडा खाली असतो. पाटावर बसून जेवलेल्यांना ही उंची सांगावी लागत नाही. आणि तो जवळजवळ हलतच नाही. ठरल्यापेक्षा लवकर परतलेल्या आईवडिलांना शिगेकडे त्या रात्री जागा नसते. आता आपण बेघर झालो, असं शुकिची हसत म्हणतो. त्यानंतर टोकियोतल्या उएनोमध्ये मात्र कॅमेरा भिंतीलगत हळूच सरकतो आणि एका कडेला बसलेले ते दोघं दिसतात. घर असेतो स्थिर राहिलेली नजर इथे जागची हलते. मला हा ओझूचा सगळ्यात हळवा क्षण वाटतो.

त्या रात्री टोमीला थारा देते ती सून नोरिको. तिचा नवरा, यांचा मुलगा, युद्धातून परतलाच नाही. एका खोलीच्या बिऱ्हाडात सासू गेलेल्या मुलाच्या अंथरुणावर झोपते. सेत्सुको हारानं ही नोरिको केली आहे, आणि तिचं हसू हा या चित्रपटातला सगळ्यात अवघड अभिनय आहे. कारण शेवटी ती सासऱ्याला सांगते, की आई समजत होत्या तेवढी मी चांगली नाही, कित्येक दिवस मला नवऱ्याची आठवणही येत नाही. तेव्हा कळतं, की ते हसू किती काय पेलत होतं.

शिगेवर रागावणं सोपं आहे. आई अत्यवस्थ असल्याची तार आल्यावर ती सुतकाचे कपडे बरोबर घेते. आई जाते तेव्हा हमसून रडते, आणि जेवणाच्या बैठकीत आईचे कोणते कपडे मला हवेत ते सांगून मोकळी होते. हारुको सुगिमुरा हे करताना रडणंही खरं ठेवते, मागणंही खरं ठेवते. धाकटी बहीण क्योको चिडते. मुलं मोठी झाली की दूर जातातच, असं नोरिको तिला समजावते. मग जगणं निराशच करतं ना, या प्रश्नाला ती हसून हो म्हणते.

शुकिची झालेला चिशू ऱ्यू तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता. पाठीचा बाक आणि हुंकार, एवढ्यावर त्यानं सत्तरीचा माणूस उभा केला आहे. टोमी गेल्यावर तो पहाट बघायला बाहेर येतो, आज उकडणार, असं म्हणतो. टोमीचं घड्याळ तो नोरिकोला देतो. परतीच्या गाडीत ती ते उघडून हातात धरते.

आणि पुन्हा तीच खोली, तीच खिडकी. शेजारीण थांबते. शुकिची एकटा बसलाय, हातातला पंखा हलतोय. एकट्यानं राहायचं तर दिवस फार मोठे वाटतील, असं तो तिला सांगतो. दुसऱ्या रात्री मी इथे पोहोचलो तेव्हा माझ्या मनात ती उशी होती. आता काही हरवलं, तर तुझ्याकडेच दिलं होतं असं म्हणायला त्या खोलीत कुणी नाही. बाहेर बोटीचा भोंगा वाजतो.